घरचीच गोळी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आईंनी आज मला ‘तुम्ही’ म्हटलं.

लग्नाला एकवीस वर्षं झाली. सासूबाईंनी मला कधी ‘अवंती’ म्हटलं, कधी ‘अगं’, रागावल्या की ‘बाईसाहेब’. पण ‘तुम्ही’? सकाळी चहा पुढे केला तर हात जोडून म्हणाल्या, "तुम्ही कशाला त्रास घेतलात? आमची सून येईल आता."

मी हसले. काय करणार! आमच्या औषध कंपनीची बस सात पाचला मांजलपूरच्या नाक्यावर येते. करजणपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले.

छत्तीस वर्षं मराठी शाळेत गणित शिकवलेली बाई. ती शाळा बंद पडली तेव्हा म्हणाल्या होत्या, "शाळा गेली तरी माझं डोकं शाबूत आहे!"

५ फेब्रुवारी, बुधवार

आज मला ओळखलं. हेरंबला नाही. स्वतःच्या मुलाला!

९ फेब्रुवारी, रविवार

आठवड्याच्या गोळ्या भरल्या. हे काम मी कुणाला देत नाही. सात दिवसांचा डबा, सकाळचे कप्पे, रात्रीचे कप्पे. सकाळी बीपीची एक. रात्री तीन — पायांच्या आगीची, लघवी आवरत नाही त्याची, आणि खाजेची.

पहिल्या दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या. खाजेची घरचीच. आमच्याच कंपनीत बनते ती. स्टाफला महिन्याला चार स्ट्रिप्स मिळतात, मी दर महिन्याला चारही आणते आणि कपाटातल्या निळ्या डब्यात ठेवते. तपासणीला तिच्या बॅचेस माझ्याच टेबलावर येतात. सदतीस अंशांच्या पाण्यात, सहा भांड्यांत, ठरलेल्या मिनिटांत ठरलेले टक्के विरघळली पाहिजे. विरघळतेच. त्या गोळीबद्दल मला शंका नाही.

आईंच्या तोंडाला सारखी कोरड पडते. पोटही साफ होत नाही. म्हातारपण.

११ फेब्रुवारी, मंगळवार

हेरंबची नाइट शिफ्ट कालपासून सुरू झाली आणि आई परत बिघडल्या. त्याची नाइट असली की घराचं तंत्रच जातं. तो साडेसातला रिफायनरीतून येतो, मी तोवर निघालेली, आईंना दिवसभर सांभाळणारी दुर्गाबेन दहाला येते. मधले अडीच तास तो बिचारा झोपू बघतो आणि आई हाका मारत राहतात.

आज आल्यावर आईंनी माझा हात घट्ट धरला. "सकाळी एक माणूस येतो गं. पांढरा बनियन घातलेला. तळव्यावर गोळी ठेवतो, गिळेपर्यंत उभा राहतो. मग मी विहिरीत पडते."

"कोण माणूस, आई?"

"मला काय ठाऊक! नाव सांगत नाही."

पदरावरच्या न दिसणाऱ्या मुंग्या वेचत होत्या. चेहरा तापलेला, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या. मी नोंद केली — भास. दुसऱ्यांदा. मागे नोव्हेंबरातही हाच माणूस येऊन गेला होता.

नोंद ठेवते कारण डॉक्टर विचारतात. आणि कारण सवय. लॅबमध्ये आमच्याकडे खोडरबर नसतं. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची — खालचं वाचता आलं पाहिजे — शेजारी बरोबर काय ते लिहायचं, सही, तारीख. तेवीस वर्षं हेच केलं. घरीही तसंच करते. हेरंब चेष्टा करतो, "भाजी खारट झाली तर तिच्यावरही रेघ मार."

१२ फेब्रुवारी, बुधवार

दुर्गाबेन आज जाता जाता थांबली. "बेन, बा तो हुं आवुं त्यारेय घेनमां ज होय छे. सवारमां शुं आपो छो?"

ती येते तेव्हाही आई गुंगीतच असतात म्हणे; सकाळी काय देता! मी म्हटलं, फक्त बीपीची. त्या गोळीने घेन येत नाही.

"ना ना, हुं तो अमस्तुं पूछुं छुं."

तिने सहजच विचारलं होतं, मी जरा तोडूनच बोलले. गोळ्यांचं मला सांगू नको, माझा धंदाच तो आहे, वगैरे. तिचा चेहरा पडला. उद्या माफी मागायला हवी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मागितली नाही.

स्नेहलताताई गोत्रीहून आल्या होत्या. हेरंबची मोठी बहीण, आईंची लाडकी. आई त्यांना बघून म्हणाल्या, "या मास्तरीणबाई." ताई रडायला लागल्या. मग डोळे पुसून एकदम कामाचं बोलल्या. अशा माणसांना सांभाळणारं एक केंद्र आहे, एक खाट मोकळी आहे, एक मार्चपासून. ते कुठल्या तरी मेंदूच्या डॉक्टरांचा कागद मागतात.

हेरंब म्हणाला, "बघू."

"बघू काय? तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. दुर्गाबेनची नजर हटली, की आई गॅसपाशी!"

माझ्याकडे बघितलं दोघांनी. मी म्हटलं, ताई म्हणतात ते बरोबर आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

‘बरोबर आहे’ इतक्या पटकन का म्हटलं मी?

त्यांच्यासाठी की माझ्यासाठी? खरं लिहायचं तर — दोन्ही. किती टक्के कुणासाठी, ते मोजता येत नाही. आज डबा भरताना वाटलं, हा शेवटून दुसरा रविवार. आणि बरं वाटलं! लगेच स्वतःची लाज वाटली. पण आधी बरं वाटलं. क्रम तोच होता.

आई शेजारी बसून माझ्या हातांकडे बघत होत्या. मी मुद्दाम सुरू केलं, "एक दिडके दीड, दोन दिडके तीन..." त्यांनी पुढे न्यायला हवं होतं. बोटं चाळवली. ओठ हलले. "तीन दिडके..." आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांच्या हातून काहीतरी काढून घेतलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नीट, क्रमाने लिहिते.

केंद्राच्या कागदासाठी मेंदूच्या डॉ. शेलतांकडे गेलो. आई, हेरंब, मी. त्यांच्या माणसाने फोनवर सांगितलं होतं — घरात जेवढं औषध आहे तेवढं सगळं पिशवीत घालून आणा, बाम आणि चूर्णसुद्धा. मी सगळं आणलं. फाइल, डबा, इसबगोल, बाम. डॉक्टर एकेक वस्तू टेबलावर मांडत होते. मग रात्रीचा कप्पा उघडला आणि मोजलं.

"फाइलमध्ये रात्रीच्या दोन आहेत. इथे तीन. ही तिसरी कोणी लिहिली?"

मी म्हटलं, ती घरचीच.

"घरची म्हणजे?"

सांगितलं. आमच्या कंपनीतली, खाजेची. आणखी दोन मेंदूवाल्यांनी तपासलं आईंना गेल्या वर्षभरात. दोघांनी विचारलं होतं, काय काय चालू आहे? दोन्ही वेळा मी ही सांगितली नव्हती. लपवली नव्हती. ती मला औषध वाटलीच नव्हती! मीठ, हळद, तशी ती गोळी. माझ्या हाताखालून गेलेली.

"किती दिवसांची लिहिली होती त्वचेच्या डॉक्टरांनी?"

मला आठवलं. आत्ता जुना कागद काढून बघितला — दहा दिवस. डिसेंबर २०२३. जानेवारीपासून मी कंपनीतून आणायला लागले. तेरा महिने उलटून गेले!

डॉक्टर गुजरातीत बोलत होते, मी माझ्या शब्दांत लिहिते. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार घट्ट विणलेल्या असतात. रक्तातलं बरंचसं काही आत सोडत नाहीत. खाजेच्या नव्या गोळ्या बहुतेक बाहेरच अडतात. ही जुन्या पद्धतीची. चरबीत विरघळते, आणि त्या भिंती चरबीच्याच पापुद्र्यांच्या. सरळ आरपार! म्हणून तर झोप येते. आत एक रसायन निरोप पोचवत असतं — आठवणीचे, लक्षाचे, दिवस आहे की रात्र त्याचे. ही गोळी त्या निरोप्याच्या जागेवर जाऊन बसते. निरोपाला जागाच उरत नाही. तोच निरोप्या थुंकी सोडतो, आतडी हलवतो. म्हणून कोरड, म्हणून पोट.

"आणि बाकीच्या दोन रात्रीच्या गोळ्यांचाही थोडाफार हाच गुण आहे," ते म्हणाले. "एकटी कुठलीही कदाचित चालली असती. तिन्ही मिळून, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, शरीरातून बाहेर पडायला वेळ लागतो तेव्हा..."

मी विचारलं, म्हणजे हे विसरणं —?

"किती गोळ्यांचं आणि किती वयाचं, ते काढून घेतल्यावर कळेल. मी वचन देत नाही. पण केंद्राचा कागद मी आज लिहिणार नाही."

मग विचारलं, "घरात आणखी कोणी काही देतं त्यांना?" मी नाही म्हटलं. हेरंब मोबाईलमध्ये होता.

खाजेची आजपासून बंद. लघवीची बदलून दिली. पायांची हळूहळू उतरवायची, एकदम नाही. बाहेर आल्यावर आई म्हणाल्या, "चांगला मुलगा आहे. कुठल्या वर्गात आहे?"

घरी येऊन निळा डबा उचलून पर्समध्ये टाकला. उद्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, कुलपात.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नेमकी आज त्याच गोळीची बॅच.

सहा भांडी. सहा गोळ्या खाली गेल्या, कडा धुरकट झाल्या, सुटल्या, नाहीशा झाल्या. पाणी पहिल्यासारखं स्वच्छ. सगळे आकडे बरोबर. सही केली.

तेवीस वर्षं मी हे ‘पूर्ण विरघळली’ असं लिहीत आले. विरघळून जाते कुठे, हे एकदाही विचारलं नाही! एम.एस्सी. केलंय मी. दोन ओळी वाचल्या असत्या तरी कळलं असतं. पुस्तक लॅबच्याच कपाटात होतं. तिथेच उभी राहून वाचलं आज.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ही गोळी मी का चालू ठेवली? खाज तर महिन्याभरात गेली होती.

लिहूनच टाकते. कारण ती दिली की आई झोपायच्या. आई झोपल्या की मी झोपायचे. खाजेची नव्हती ती. माझी होती.

हेरंबला हे वाचून दाखवलं. म्हणाला, "तू स्वतःला फार छळतेस." उठून गॅलरीत गेला.

ताईंना फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझी ती कंपनीची गोळी! वर्षभर?" मी म्हटलं, हो ताई.

२६ फेब्रुवारी, बुधवार

चार दिवस वाईट. आई झोपत नाहीत, चिडतात, ताट ढकललं. डॉ. शेलतांनी सांगितलं होतं, असं होईल. पण वाटतंय, माझीच आशा चुकली. गोळीचं काही नसेल. नुसतंच म्हातारपण असेल.

— असं असावं अशी इच्छा झाली क्षणभर. म्हणजे मी सुटले असते.

१ मार्च, शनिवार

आज आई केंद्रात जायच्या होत्या. ताईंनी खाट एक महिना राखून ठेवली आहे. "बघू तुझ्या डॉक्टरांची जादू," म्हणाल्या.

दुपारी आईंनी पाणी मागितलं नाही. तासभर बघत होते. मग जीभ दाखवा म्हटलं. ओली!

५ मार्च, बुधवार

सोमवारपासून हेरंबची परत नाइट. आणि आई बिघडल्या नाहीत. पहिल्यांदाच! दुर्गाबेन सांगत होती, दहाला आली तेव्हा बा उठून बसलेल्या, आणि "उशीर केलास" म्हणून तिला बोलल्याही. तिला इतका आनंद झालेला बोलणी खाऊन. मी तिची माफी मागितली. तिला आठवतच नव्हतं, कशाबद्दल.

बिघडला तो हेरंबच. दिवसा झोप नाही, डोळे लाल. संध्याकाळी मी आले तर कपाट उपसत होता. काय शोधतोस? "काही नाही. निळा डबा दिसत नाही तो." म्हटलं, ऑफिसात नेलाय. "हां, बरं केलंस."

९ मार्च, रविवार

डबा भरत होते. रात्रीच्या कप्प्यात आता दीडच — बदललेली एक, पायांची अर्धी. आई शेजारी. अचानक म्हणाल्या, "सात दिडके?"

मी डब्यावरून मान वर केली.

"साडेदहा! एवढं येत नाही? नऊ दिडके साडेतेरा. अकरा दिडके साडेसोळा. अवंती, तुझा पाया कच्चा आहे."

अवंती.

स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

१४ मार्च, शुक्रवार

धुळेटी. सोसायटीत रंग. आईंनी खिडकीतून खालच्या पोरांना गुजरातीत दम भरला — गाडीवर पाणी नको! कपाळाला गुलाल लावून घेतला. सगळं परत आलं असं नाही. दुपारी मामंजींना जेवायला हाक मारली, ते जाऊन नऊ वर्षं झाली. मग स्वतःच म्हणाल्या, "नाही का गं ते आता?" आणि पानावरून उठल्या नाहीत. जेवल्या.

विसरणं आणि विसरलो हे कळणं! मधलं अंतर केवढं!

१५ मार्च, शनिवार

ऑफिसातून डबा आणला. उरलेल्या गोळ्या परत करायच्या, तर नोंद जुळवायला बसले. माझ्या वहीत प्रत्येक स्ट्रिप लिहिलेली आहे.

आणलेल्या ५४ स्ट्रिप्स — तेरा महिने चार-चार, या फेब्रुवारीत दोनच. ५४० गोळ्या. रोज एक, १ जानेवारी २०२४ पासून या १९ फेब्रुवारीपर्यंत ४१६ दिवस. उरायला हव्यात १२४.

आहेत २३.

तीनदा मोजल्या. २३. एकशे एक गोळ्या कमी! आईंचा हात कपाटाच्या त्या खणापर्यंत पोचत नाही. दुर्गाबेनला तो डबा कशाचा हेच माहीत नाही.

म्हणजे मीच. कप्पा भरलेला असतानाही रात्री पेंगत दुसरी दिली असणार. शंभर वेळा? मी? पण दुसरं कोण आहे!



१६ मार्च, रविवार

ताई आल्या होत्या. सांगायलाच हवं होतं, सांगितलं. एकशे एक गोळ्या जास्त गेल्या, माझ्याच हातून गेल्या असणार, मला आठवत नाही.

ताई उभ्याच राहिल्या. "तुला आठवत नाही! आणि आम्ही आईला विसराळू म्हणत होतो."

बरोबरच आहे. हेरंबकडे बघितलं. तो चटईची कड सरळ करत होता. म्हणाला, "जाऊ दे ना ताई आता. झालं ते झालं."

"जाऊ दे कसं? हिच्या हातात आईला ठेवायचं? त्यापेक्षा मी एप्रिलपासून ती खाट घेते." मग बऱ्याच बोलण्यानंतर ठरलं — आई इथेच राहतील, पण गोळ्यांना मी हात लावायचा नाही. डबा हेरंब भरणार, हेरंब देणार.

मी सात दिवसांचा डबा त्याच्या हातात दिला. घेतला त्याने. नजर खालीच होती. माझ्या लाजेची त्याला लाज वाटत असेल.

आई आतून सगळं ऐकत असाव्यात. मी गेले तर म्हणाल्या, "तू नापास झालीस का गं?"

"हो आई."

"पेपर कुणी तपासला?"

१९ मार्च, बुधवार

हेरंब डबा नीट भरतो. मी लांबून बघते.

२५ मार्च, मंगळवार

आज सुट्टी घेतली होती, हेरंबला सांगायचं राहिलं. त्याची परत नाइट. साडेसातला आला, शर्ट काढून खुर्चीवर टाकला, बनियनवरच स्वयंपाकघरात गेला आणि पाण्याचा पेला घेऊन आईंच्या दारात उभा राहिला. स्वतः प्यायला घेतला होता. मी आत आईंची वेणी घालत होते, मला त्याने बघितलं नाही.

आईंनी त्याला बघितलं. चेहरा शांत. उजवा हात पुढे केला, तळवा वर, आणि तोंड थोडं उघडलं.

"आज नाही का रे?"

पेला त्याच्या हातून पडला.

मागची पानं काढली. ११ फेब्रुवारी. ‘भास’ या शब्दावर एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. सही. तारीख. शेजारी लिहिलं — हेरंब.